इश्यू : निल

बेझालेल झिराडकरचं इंग्रजी इस्रायलमध्ये, बेर्शेबातल्या त्या शिकुनमध्ये गाजलेलं होतं, आणि ते गाजवण्याचं कामही बेझालेलच करत असे. शिकुन म्हणजे नव्याने आलेल्यांसाठी सरकारने बांधलेल्या सिमेंटच्या चाळी. त्यातल्या तीन चाळींत कोकणातून मुंबईमार्गे आलेली बेने इस्रायली मंडळी राहत. कुणाला मुंबईच्या वकिलाचं पत्र आलं, कुणाला परदेशी औषधाची चिठ्ठी आली, की माणूस कागद घेऊन बेझालेलच्या दारात हजर. बेझालेल आधी चष्मा पुसणार, मग घसा साफ करणार, मग कागद मोठ्यांदा वाचणार आणि अर्थ मात्र हळू आवाजात सांगणार. मुंबईत तो रेल्वेच्या वर्कशॉपात बावीस वर्षं स्टोअरकीपर होता. इथे तो फरशांच्या कारखान्यात खोकी उचलत होता. हिब्रू त्याला धड येत नव्हती, मुलं मराठीला हिब्रूत उत्तरं देत होती. त्याच्याजवळ उरलं होतं ते इंग्रजी, आणि त्याला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

याच इंग्रजीने १९६३ सालच्या उन्हाळ्यात पनीनाचं लग्न अडवलं. पनीना ही बेझालेलच्या मेलेल्या धाकट्या भावाची, हनोकची, बायको. वय बत्तीस. इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी, एका खोलीचं बिऱ्हाड, आणि सात वर्षं कुणाच्या अध्यातमध्यात नाही. बसच्या गॅरेजमधल्या अव्नेर मिस्त्रीने तिला मागणी घातली तेव्हा शिकुनमधल्या बायकांनी तोंडात बोटं घातली, आणि मग ती बाहेर काढून लग्नाची तारीख विचारली.

तारीख ठरवायला दोघं रब्बींच्या कचेरीत गेले. गेल्या वर्षापासून हिंदुस्थानातून आलेल्यांना लग्नाची नोंद करायची म्हणजे आपण अस्सल ज्यू आहोत हे पटवायला आई कोण, आजी कोण, आजीची आई कोण, सगळं सांगावं लागत होतं. पोलंडहून आलेल्याला कुणी आजी विचारत नव्हतं, हे पनीनाला ठाऊक होतं आणि ते तिच्या डोक्यात जात होतं. तरी तिने पणजीपर्यंत सगळी नावं घडाघडा सांगितली. मग झेएव नावाच्या कारकुनाने फायलीतून एक पिवळा पडलेला इंग्रजी फॉर्म काढला. हा झेएव इंग्लंडातून आलेला, तांबड्या दाढीचा, आणि हिंदी लोकांशी बोलताना जरा जास्तच सावकाश बोलणारा. त्याने फॉर्म वाचला, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला, आणि म्हणाला की नवरा मूल नसताना वारला आहे, तेव्हा आधी हलित्सा करावी लागेल.

हलित्सा हा शब्द पनीनाने पहिल्यांदाच ऐकला. झेएवने तो समजावून सांगितला. नवरा निपुत्रिक गेला तर विधवा दिराशी बांधलेली राहते. दिराने तिला पंचांसमोर मोकळं करायचं. त्याच्या उजव्या पायात कचेरीचा खास चामडी बूट चढवतात. विधवेने वाकून त्याचे बंद सोडायचे, बूट काढून फेकायचा, दिरासमोर जमिनीवर थुंकायचं, आणि भावाचं नाव पुढे न चालवणाऱ्याचं असंच होतं, अशा अर्थाचं काही हिब्रूत म्हणायचं. मग ती मोकळी. कोकणात पनीनाच्या कुणा पणजीने असला प्रकार पाहिला नव्हता.

पण तिचं लक्ष त्यातल्या एकाच गोष्टीवर अडलं होतं. तिने सांगितलं की आपल्याला मूल झालं होतं. मुलगी. नवरा गेल्यानंतर अकरा महिने ती जगली होती.

झेएवने मान हलवली. बापामागे एक दिवस जरी मूल जगलं असेल तरी हलित्सा लागत नाही, तो म्हणाला, पण कागदावर तर नाही म्हटलंय. त्याने फॉर्म तिच्याकडे फिरवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. जन्माचा दाखला आहे का, त्याने विचारलं. दाखला कुठून असणार? पहिलं बाळंतपण माहेरी, रेवदंड्याजवळच्या खेड्यात, सुईणीच्या हातचं. तिथेच पोरीला ताप भरला, तिथेच तिला पुरली, बिनदगडाची. आई त्यानंतर वर्षभरात गेली. झेएवने खांदे उडवले. ज्याने फॉर्म भरला त्याने येऊन लेखी द्यावं की ही चूक आहे, म्हणजे प्रश्न मिटला. नाहीतर हलित्सा.

फॉर्म भरला होता बेझालेलने, ५६ साली, मुंबई सोडायच्या आधी. पनीनाने फक्त खाली सही केली होती, मराठीत. त्याच्या अक्षराकडे बघताना तिच्या अंगाची आग झाली. तिला वाटलं, या माणसाने हे मुद्दाम केलंय.

तसं वाटायला कारण होतं. मुलीच्या, झिपोराच्या, बारशानंतर पंधरा दिवसांनी हनोक बायको-पोरीला न्यायला खेड्यात आला होता. तिथल्या विहिरीचं पाणी प्यायला, टायफॉइड घेऊन मुंबईला परतला आणि अठराव्या दिवशी गेला. बेझालेलने भावाच्या मयतीतच पनीनाला ऐकवलं होतं की मुंबईत इस्पितळं असताना हिला माहेरचे लाड हवे होते, त्यात माझा भाऊ गेला. पोरीचं तोंड बघायला तो नंतर एकदाही आला नाही, ती गेली तेव्हाही नाही. त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता. एका बोटीतून आले, एका चाळीत राहिले, पण सणालासुद्धा बोलणं जेवढ्यास तेवढंच.

त्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली तेव्हा तो बनियनवर बसून चहा पीत होता. त्याची बायको लेआ फतिलिया म्हणतात त्या वातीच्या स्टोव्हवर कांदा परतत होती. पनीना बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सांगितलं की तुम्ही फॉर्मात इश्यू म्हणून रकाना आहे तिथे निल लिहिलंत, आणि इश्यू म्हणजे मूलबाळ, असं तिथल्या साहेबाने सांगितलं. माझी पोर तुम्ही कागदावरून पुसून टाकलीत.

 बेझालेलने चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाने पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत राहिला. मग त्याने चष्मा घातला, आणि तोंड पुन्हा नेहमीसारखं झालं.

"मी लिहिलं ते विचार करून लिहिलं," तो म्हणाला. "त्यात फेरफार होणार नाही."

तिने विचारलं की मग माझी पोर झालीच नाही, असं म्हणणं आहे का तुमचं. तो म्हणाला की मी कागदाचं बोलतोय. ती म्हणाली, मीही कागदाचंच बोलतेय, त्यापायी मला तुमचा बूट काढून थुंकायची हलित्सा सांगितलीय, एक ओळ लिहून द्या, चूक झाली म्हणून. चूक या शब्दावर त्याने कप खाली आपटला. बावीस वर्षं रेल्वेचे फॉर्म भरले, गोऱ्या साहेबाने एकदाही परत पाठवला नाही, आणि चादरी धुणाऱ्या बाईने मला चूक दाखवायची?

"तुला हलित्सा पाहिजे ना?" तो म्हणाला. "देतो. पाय पुढे करतो, बूट काढ. थुंक माझ्यासमोर. इतकी वर्षं तुझ्या मनात तेच आहे."

लेआने कांदा उतरवला, तरी परतत असल्यासारखा झारा हलवत राहिली. पनीना दार न लोटताच निघून गेली.

अव्नेरला ही बातमी म्हणजे आनंदाचीच वाटली. दीर तयार आहे, त्रास देत नाही, पुढच्या महिन्यात विधी उरकू आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात लग्न. तो मनाने चांगला होता आणि घाईत होता. पनीनाने पोरीचं काढलं तेव्हा तो म्हणाला की ती तर गेली बिचारी, कागदावर असली काय नि नसली काय. यावर पनीनाने त्याला जे सुनावलं त्याने दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण म्हणणं तेच घेऊन आला. तिचं वय काही थांबून राहणार नव्हतं, आणि खोलीतल्या भिंतींशी बोलायचा तिलाही कंटाळा आला होता. शेवटी ती हो म्हणाली.

विधीत म्हणायचे हिब्रू शब्द अव्नेरने तिला मराठी अक्षरांत लिहून दिले. धुलाईखान्यात चादरी पिळताना ती ते पाठ करायची. थुंकायचंही शिकून घ्यावं लागलं, कारण कचेरीतल्या माणसाने बजावलं होतं की थुंकी पंचांना दिसली पाहिजे, नुसता आवाज चालणार नाही. मोरीत उभी राहून ती सराव करायची. हे मात्र तिला लवकर जमलं. बेझालेलचं तोंड डोळ्यांसमोर आणलं की पुरत होतं.

विधीच्या चार दिवस आधी लेआ दुकानातून परतताना तिला जिन्यात भेटली. लेआची पिशवी रिकामीच होती. घामाघूम झालेली लेआ पायरीवर टेकली आणि वैतागून म्हणाली, "एवढी रांगेत उभी राहिले, आणि अंड्यांचा इश्यू निल."

बेझालेलच्या घरात सगळे असंच बोलत. बावीस वर्षं स्टोअरात बसलेल्या माणसाने घराचंही स्टोअर करून टाकलं होतं. पाव इश्यू कर, साबण इश्यू झाला का, पोरांचे बूट इश्यू व्हायचेत. पनीनाने हे हजार वेळा ऐकलं होतं, पण त्या दिवशी तिचा पाय पायरीवरच राहिला. तिला बोट आठवली, उतरल्यावरची रांग आठवली, माणशी एक लोखंडी खाट आणि दोन घोंगड्या मिळाल्या होत्या ते आठवलं, आणि रांगेत छाती काढून उभा असलेला बेझालेल आठवला. आता इश्यू होईल बघा, म्हणत होता.

"वहिनी," तिने विचारलं, "तुमच्या स्वतःच्या फॉर्मात भाऊजींनी त्या जागी काय लिहिलंय?"

लेआचा चेहरा उतरला. ती आधी म्हणाली मला काय कळतंय त्यातलं. मग पदराने मान पुसत तिने सांगून टाकलं. दोन्ही फॉर्म एकाच टेबलावर, एकाच टाकाने, एकामागून एक भरले होते. इश्यूचा रकाना आला तेव्हा बेझालेल म्हणाला होता की सरकारकडून आपल्याला अजून काहीच मिळालेलं नाही, तेव्हा खरं ते लिहावं, निल. आपल्याही फॉर्मात त्याने तेच लिहिलं. पोरांची नावं मागच्या पानावर, सोबत येणाऱ्यांत होती, म्हणून कुणी काही विचारलं नाही. तू येऊन गेलीस त्या दिवशी त्यांना कळलं, लेआ म्हणाली, तेव्हापासून धड जेवत नाहीत. पण ते तोंडाने कबूल करायचे नाहीत. त्या इंग्रजीवर तर त्यांचं जगणं आहे इथे. तू मुकाट्याने विधी करून मोकळी हो, त्यांची अब्रू राहू दे.

"आणि माझी पोर?" पनीना म्हणाली.

लेआने रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली. बारशाला पाळण्यात वाकून झिपोराच्या कानात नाव हिनेच सांगितलं होतं, कारण हनोकला बहीण नव्हती. इतकी वर्षं हिला सगळं माहीत होतं, आणि ही कांदा परतत बसली होती. त्या घटकेला पनीनाला बेझालेलपेक्षा या बाईचा राग जास्त आला. बेझालेल निदान उघड वैरी होता.

विधीच्या दिवशी सकाळपासून ती पाणी प्यायली नाही आणि कुणाशी बोललीही नाही. कचेरीच्या वरच्या खोलीत पाच पंच लांब टेबलामागे बसले होते. मधले मुख्य रब्बी म्हातारे, यरुशलेमचे, कानांना जरा कमी. दहा पुरुष हवेत म्हणून बेझालेलचे दोन्ही मुलगे, योना आणि दाविद, बाकावर होते. योना तर लष्करातून सुट्टी काढून, वर्दीतच आला होता. लेआ मागे दाराशी. अव्नेरला आत घेतलं नाही, तो खाली रस्त्यावर फेऱ्या मारत होता. बेझालेलने इस्त्रीचा शर्ट आणि मुंबईचा कोट घातला होता. त्याचा उजवा पाय धुऊन त्यात बूट चढवला होता, उंच, पांढऱ्या चामड्याचा, आणि बंदांच्या गाठी पोटरीपर्यंत आवळल्या होत्या. तो भिंतीला टेकून ताठ उभा होता आणि पनीनाकडे असा बघत होता की जणू तीच गुन्हेगार आहे.

मुख्य रब्बींनी नियमाप्रमाणे सगळं पुन्हा एकदा विचारलं. हा तुझ्या नवऱ्याचा सख्खा भाऊ का? हो. नवऱ्याला जाऊन किती वर्षं झाली? नऊ. त्याच्यामागे मूल राहिलं का?

इथे तिने नाही म्हणायचं होतं. एक शब्द, आणि पुढच्या आठवड्यात लग्न.

"राहिलं होतं," पनीना हिब्रूत म्हणाली. "मुलगी."

टेबलामागे कुजबुज झाली. म्हाताऱ्या रब्बींनी कानाला हात लावला, झेएवने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, आणि ते चिडले. कागदावर मूल नाही असं आहे, मग पंचांना इथे कशाला जमवलं? पनीनाने मान खाली घातली नाही. माझ्या दिराच्या फॉर्मातही तोच रकाना आहे, ती म्हणाली, तोही वाचा. झेएव कुरकुरत उठला, बाजूच्या कपाटातून फाईल काढून घेऊन आला, आणि वाचतानाच त्याच्या दाढीत हसू फुटलं. त्याने मोठ्याने वाचलं. बेझालेल झिराडकर, विवाहित, इश्यू निल. मग पान उलटून त्याने योना आणि दाविदची नावं वाचली, आणि बाकावर बसलेल्या दोघांकडे बघितलं.

"हा शब्द आहे तरी काय?" मुख्य रब्बींनी विचारलं.

झेएवला हेच हवं होतं. इश्यू म्हणजे मूलबाळ, तो एकेक बोट दुमडत सांगू लागला. इश्यू म्हणजे मासिकाचा अंक. इश्यू म्हणजे वादाचा मुद्दा. जखमेतून रक्त वाहिलं तर तेही इश्यू. आणि लष्करात शिपायाला मोजे देतात, तेही इश्यूच.

"एवढ्या सगळ्याला मिळून एक शब्द?" रब्बी म्हणाले. "आणि या इंग्रजांनी तीस वर्षं आपल्यावर राज्य केलं."

खोलीत हशा झाला. बेझालेल हसला नाही. रब्बींनी त्याच्याकडे वळून विचारलं की तू यातलं नेमकं काय म्हणून लिहिलंस. कुणी हे मराठीत सांगायची वाट न बघता योनाने बापाला हिब्रूतच विचारलं, "अब्बा, आम्ही कोण मग?"

 बेझालेलला अजूनही काही सांगता आलं असतं. घाईत राहून गेलं, कारकुनाने सांगितलं तसं लिहिलं. पनीना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या मनात दयेचा लवलेश नव्हता. शेवटी तो झेएवकडे बघून इंग्रजीत बोलला, हळू, आवाज न चढवता, पत्रांचा अर्थ सांगायचा तसा. झेएवने ते हिब्रूत सांगितलं, मध्ये मध्ये थांबून, कारण त्याला हसू आवरेना.

"हे म्हणतात, इश्यू म्हणजे घोंगड्या. यांना तोपर्यंत घोंगड्या मिळाल्या नव्हत्या."

यावर मुख्य रब्बीसुद्धा डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. दाविद हसला. योनाने मान दुसरीकडे फिरवली. सगळ्या शिकुनला संध्याकाळपर्यंत हे कळणार होतं, आणि उद्यापासून कुणी पत्र घेऊन त्या दारात येणार नव्हतं, हे बेझालेलला कळत होतं आणि पनीनालाही कळत होतं. तो पांढरा बूट ओढत दोन पावलं तिच्याकडे आला.

"झालं समाधान?" तो मराठीत म्हणाला. "आता थुंक."

"आता गरज नाही," पनीना म्हणायला गेली, पण तिला बोलता येईना. त्याचं तोंड इतकं जवळ आलं तशी महिनाभराच्या सवयीने तिच्या तोंडात थुंकी भरून आली होती.

मुख्य रब्बींनी डोळे पुसून सांगितलं की विधी रद्द, बाई मोकळी आहे, पहिल्यापासूनच मोकळी होती. बूट काढून घ्या. कचेरीचा शिपाई म्हणाला, गाठी सोडणं विधवेचं काम, मी हात लावणार नाही. मग लेआ दारातून पुढे आली, नवऱ्याच्या पायाशी बसली आणि नखांनी गाठी उकलायला लागली. झेएवने पनीनाचा फॉर्म पुढे ओढला, निल या शब्दावर आडवी रेघ मारली, वर एक असा आकडा लिहिला, आणि पेन धरून विचारलं, "मुलीचं नाव?"

लेआचे हात गाठीवर थांबले. तिने वर बघितलं, ओठ हलवले.

पनीनाने तिच्याकडे असं बघितलं की लेआने तोंड मिटलं. मग बेझालेलसाठी महिनाभर सराव करून तोंडात जमलेली ती थुंकी पनीनाने गिळली, कारण ती गिळल्याशिवाय नाव सांगता येत नव्हतं.

"झिपोरा," ती म्हणाली, आणि झेएव अक्षरं लिहीत असताना टेबलावर वाकून बघत राहिली.